पिंकीची नखं

सुशीलाबाई कापगते एका जागी स्वस्थ बसलेली रायपूरजवळच्या बीरगांवात कोणी पाहिली नव्हती. बसली तरी तिचे हात बसत नसत. एका हातात चहाचा कप असला की दुसरा हात पदरानं ओटा पुसत असे. कोणाच्या घरी हळदीकुंकवाला गेली तर तिथलं पायपुसणं झटकून सरळ करून यायची. नवरा नरहरी म्हणायचा, "हिले सरणावर ठेवलं तरी ही आधी लाकडं झटकून घेईन."

झटकण्यासारखं बीरगांवात पुष्कळ होतं. पलीकडे उरला नावाच्या भागात लोखंडाचे कारखाने. त्यांची काळी धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर, भरून ठेवलेल्या पाण्यावर आणि निजलेल्या पोरांच्या पापण्यांवर येऊन बसायची. सकाळी फरशी पुसली की दुपारी तिच्यावर मांजराची पावलं उमटायची. लोकांनी त्या धुळीशी केव्हाच तडजोड केली होती. सुशीलाबाईनं केली नव्हती. साकोलीजवळच्या खेड्यातून लग्न होऊन ती आली, नरहरी तेव्हा नुकताच रोलिंग मिलमध्ये लागला होता. आल्या दिवशीच तिनं भाड्याची खोली भिंतींसकट धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली. धूळ हरली नाही आणि तीही हरली नाही.

पुढे मुलगा सचिन शाळेत जायला लागला तशी ती वस्तीतल्या अंगणवाडीत सहायिका म्हणून लागली. तिथल्या बोलीत वस्तीला पारा म्हणतात. पाऱ्यातल्या पोरांना घरोघरून गोळा करून आणायचं, झाडायचं, खिचडी शिजवायची, हात धुऊन जेवू घालायचं, एवढं तिचं काम. पण तिनं आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. पाऱ्यातलं कुठलंही लेकरू डॉक्टरकडे निघालं की त्याची आई आधी त्याला सुशीलाबाईच्या दारात आणायची. बाई बिस्किटाचा जुना डबा काढायची. त्यात खोबरेल, फणी, पावडर, काजळ, पिना, आणि कुठकुठले धुतलेले शर्ट-फ्रॉक. लेकराचं तोंड ती असं घासायची की ते रडायचंच. मग तेल, भांग, पावडर, काजळ, कपाळाच्या कडेला तीट. पाच-दहा मिनिटांत तापानं फणफणलेलं पोरगं बारशाला निघाल्यासारखं दिसायचं.

याच्यामागे एक जुनी गोष्ट होती. सचिन लहान असताना एकदा त्याला भयंकर जुलाब लागले. नरहरी ड्यूटीवर. सुशीलानं पोराला जसा होता तसा उचलला आणि शहरातल्या एका दवाखान्यात नेला. तिचे पाय धुळीचे, पोराचे कपडे घाण झालेले. चिठ्ठी फाडणाऱ्या माणसानं खिडकीतून एकदा पाहिलं आणि नाकाला रुमाल लावून म्हणाला, "पहले इसको साफ करके लाओ, फिर आना." मागच्या रांगेतले लोक बाजूला सरकले. तिनं नळावर पोराला धुतला, स्वतःच्या पदरात गुंडाळला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहिली. सचिन वाचला. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एक गोष्ट रुतून बसली. गरिबाच्या पोराचा आजार नंतर पाहतात, मळ आधी पाहतात. आपल्या पाऱ्यातल्या एकाही लेकराला कोणी असं खिडकीतून परत पाठवू नये, एवढ्यासाठी तो डबा होता.

आणि डब्याचा उपयोगही होत होता, हे खरं. पूर्वी आया दवाखान्यात जायला बिचकायच्या. आता सुशीलाबाईनं नटवून दिलेलं पोर कडेवर घेऊन ताठ मानेनं जायच्या.

त्या वर्षी श्रावण सरत आला होता. व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं सामुदायिक भवनात मुलांच्या तपासणीचं शिबिर ठेवलं. मांडव, माईक, हारतुरे, पाहुणे. अंगणवाडीच्या मुख्य दीदी, चित्रादीदी, आदल्या दिवशीच बोलल्या, "सुशीलाबाई, फोटो निघणार आहे बरं. आपली मुलं एकदम अच्छी दिसली पाहिजेत." चित्रादीदींचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून रायपूरचं, त्यांची मराठी अशी अधूनमधून हिंदीत पाय टाकून चालायची.

सुशीलाबाईला एवढं पुरे होतं. सकाळपासून अंगणवाडीत पोरांची रांग लागली. शिबिर म्हणून आज पावडर-काजळावर भागणार नव्हतं. भाचीच्या लग्नातली लिपस्टिक तिनं जपून ठेवली होती, आणि सदर बाजारात गेली होती तेव्हा लाल नेलपॉलिशची बाटली आणली होती. सगळ्या पोरींचे ओठ लाल, नखं लाल. सगळ्यांत शेवटी पिंकी आली.

पिंकी म्हणजे दुलारीची मुलगी, चार वर्षांची, काडीसारखी. दुलारी भंगार निवडायच्या कामावर जायची, बाप शंकर ट्रकवर हमाली करायचा. पिंकीची एक खोड सगळ्या पाऱ्याला माहीत होती. दहा पावलं चालली की ती मध्येच उकिडवी बसायची, गुडघे छातीशी घेऊन. जरा वेळानं उठायची, परत चालायची, परत बसायची. पोरं तिला 'बैठकी रानी' म्हणायची. सुशीलाबाईसुद्धा तिला आणायला गेली की म्हणायची, "चल गं महाराणी, तुह्यासाठी पालखी आणू काय?" आणि शेवटी कडेवर घ्यायची.

"हिचे ओठ नेहमीच मळकट," बाई त्या दिवशी पुटपुटली आणि पिंकीच्या ओठांवर लिपस्टिकचा एक हात फिरवला. मळकटपणा झाकेना, म्हणून दुसरा. नखांनाही दोन-दोनदा रंग लावला. आरशात पाहून पिंकी अशी हसली की बाईनं तिथल्या तिथं तिची दृष्ट काढली.

शिबिरात गर्दी. तरुण डॉक्टर बिचारा घामानं निथळत होता, तरी कोणावर खेकसत नव्हता. पण त्याच्या पाठीशीच भोंगा लावलेला. पाहुण्यांची नावं, गाणी, पुन्हा नावं. पिंकीच्या छातीला त्यानं नळी लावली, कपाळाला आठी घातली, भोंग्याकडे पाहिलं. मग डोळ्याची पापणी ओढून बघितली, ओठांकडे, बोटांकडे नजर टाकली. सगळं लालेलाल. "थोडी कमजोरी है," म्हणाला, "ये सिरप पिलाना." दुलारी काहीतरी सांगायला गेली, "चलत-चलत बइठ जाथे साहेब..." तेवढ्यात माईकवरून बच्चों को स्टेज पर लाओ अशी हाक आली. सुशीलाबाईनंच पिंकीला उचललं आणि फोटोसाठी पहिल्या रांगेत उभं केलं. फोटो छान आला. परत जाताना तिनं नेलपॉलिशची उरलेली बाटली दुलारीला देऊन टाकली. "ठेव. पोरीले आवडते."

तीन-चार दिवसांनी दुपारी अंगणवाडीत खिचडीच्या आधी हात धुणं चाललं होतं. पिंकीला नखं कुरतडायची सवय. उजव्या हाताचा रंग तिनं जवळजवळ सगळा खाऊन टाकला होता. सुशीलाबाईनं तो हात साबणानं घासला. नखातली काळी धूळ निघेना. तिनं पुन्हा साबण लावला आणि जोरानं घासलं.

"दुखथे मौसी," पिंकी म्हणाली.

"थांब ना माय, घाण निघून राहिली," बाई म्हणाली. पण घाण निघत नव्हती. शेजारी दुसऱ्या एका पोरीचा हात होता, त्याच साबणानं, त्याच पाण्यानं धुतलेला. तिची नखं गुलाबी होती. बाईनं दोन्ही हात जवळजवळ धरले. पिंकीचा काळपटपणा नखावर नव्हता. तो नखाच्या आत होता. जांभळं खाल्ल्यासारखा, आणि जांभळांचे दिवस तर केव्हाच सरले होते. बोटांची टोकंही कशी गोल, फुगीर.

तिनं पिंकीची हनुवटी वर केली. पदराचं टोक ओलं करून ओठ पुसले. तिथंही तोच रंग.

इतके दिवस सुशीलाबाई तो रंग मळ समजून पुसत आली होती. आणि परवा, ज्या एका दिवशी डॉक्टर पाहणार होता त्याच दिवशी, तिनं आपल्या हातानं त्यावर लाल रंग फासला होता. एकदा नव्हे, दोनदा. 

त्या दिवशी खिचडीत मीठ दोनदा पडलं. पोरांनी तोंडं वाकडी केली.

चित्रादीदींना तिनं पिंकीचा हात दाखवला. दीदी चष्मा वर करून बघत राहिल्या. "अगं, पण परवाच तर डॉक्टरांनी पाहिलं हिला."

"त्यायनं काय पाहिलं दीदी? म्या जे रंगवून देलं ते पाहिलं."

दीदींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाल्या, "मुलांच्या तपासणीचं सरकारी पथक आपल्याकडे सणानंतर येणार आहे. पण हे थांबण्यासारखं नाही दिसत मला. उद्याच सरकारी दवाखान्यात न्यायला सांगा दुलारीला. फौरन."

सांगायचं म्हटलं की सुशीलाबाईचे पाय आधी पोचायचे. ती भंगाराच्या आवारात गेली. दुलारी दुसऱ्या आवारात गेली होती. तिथून निघाली, तर दुलारी घरी गेली होती. दारात पोचेपर्यंत बाईच्या चपलेचा अंगठा तुटला होता.

दुलारी पेटी उघडून बसली होती. उद्या तिचा भाऊ येणार होता. तिथल्या बायांचा तीजा म्हणजे आपली हरतालिका. पण तिकडे ती करायची माहेरीच. भाऊ न्यायला येतो, आई नवं लुगडं नेसवते. मागच्या वर्षी दुलारीच्या भावाला येता आलं नव्हतं, तर अख्ख्या पाऱ्यातल्या बायांनी तिला वर्षभर टोमणे मारले होते. "तोर भाई रस्ता भुला गे का?" यंदा तो येणार होता. गाव कसडोलच्या पलीकडे, नदीपार, आणि दुलारी एकदा गेली की दसऱ्याशिवाय परतणार नव्हती.

"दुलारी," सुशीलाबाई दाराशीच उभी राहून म्हणाली, "पिंकी को एक बार फिर डॉक्टर को दिखा लेते हैं ना."

"काबर?" दुलारीनं कारण विचारलं. "देखिस तो डॉक्टर. सिरप घलो दिस."

"नहीं, एक बार और. बड़े दवाखाने में."

"तीजा के बाद देखबो बाई." दुलारीनं पिंकीचा नवा फ्रॉक झटकून घडी केला. "तुमीच तो कहत रहेव, कइसन सुंदर दिखत हे."

बाईच्या जिभेवर शब्द आले होते. दुलारी, तो रंग मी लावला म्हणून. पण ती बोलली नाही. इतकी वर्षं या पाऱ्यात तिचा हात लेकरांना शुभ मानत होते. बारशाला, छठीला, परीक्षेला, दवाखान्याला सगळे तिच्याकडून भांग पाडून घेत होते. तो हात असा उघडा पाडायचा? ती म्हणाली, "बरं, सोच के देख," आणि तुटकी चप्पल ओढत घरी आली.

घरी आल्यावर तिनं घासलेली भांडी परत घासायला काढली. नरहरी पाळी संपवून खाटेवर टेकला होता. भांड्यांचा आवाज त्यानं थोडा वेळ सोसला.

"अवं, त्या गंजाले भोक पाडतं काय? झालं काय एवढं?"

तिनं सगळं सांगितलं. शिबिर, लिपस्टिक, नखं, दुलारी. नरहरी बिडी पेटवायची विसरून ऐकत राहिला. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला सचिनही वर बघायला लागला.

"मग दुलारीले काय म्हटलं तू?" नरहरीनं विचारलं.

"म्हटलं, पुन्हा दाखवू म्हणून."

"काहून दाखवू, ते सांगतलं?"

ती गंजाचं बूड घासत राहिली.

"रंग तू लावला, हे सांगतलं काय, असं विचारून राहिलो मी."

"तुम्हाले काय जाते विचारायले!" ती एकदम चवताळली. "पाऱ्यात तोंड मले दाखवा लागते. उद्या कोणी आपलं लेकरू माह्या हातात देईन काय?"

"नाही देईन त नाही देईन," नरहरी म्हणाला. "आमच्या मिलमध्ये पट्टी वाकडी निघाली त ज्याच्या हातून झाली त्यालेच पहिले वरडा लागते. तो दबून राहिला का पुढच्या माणसाचा पाय जाते."

"आई, बोल दो ना सीधा," सचिन म्हणाला. "इसमें क्या शरम?"

"तू चूप बैस. तुह्याचसाठी शिकली मी हे सारे धंदे," ती म्हणाली. सचिनला काही समजलं नाही. त्याला त्या खिडकीची गोष्ट कोणी कधी सांगितली नव्हती.

रात्री तिनं कूस बदलली, उठली, पाणी प्यायली, माठावरचं झाकण सारखं केलं, पुन्हा पडली. उजाडायच्या बेताला डोळा लागला आणि जाग आली तेव्हा नरहरी ड्यूटीवर गेला होता, ऊन दारात आलं होतं. ती तशीच निघाली. केस न विंचरता. गल्लीतल्या बाया बघत राहिल्या; सुशीलाबाईचा विस्कटलेला अंबाडा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

दुलारीच्या दारात मोटारसायकल उभी होती. तिचा भाऊ हरिदास, मिसरूड फुटलेला, नवा शर्ट घातलेला, पिशव्या बांधत होता. पिंकी ओट्यावर दोन्ही हात पसरून बसली होती आणि बोटांवर फुंकर घालत होती. सुशीलाबाईनं दिलेल्या बाटलीतून दुलारीनं तिची नखं आताच रंगवली होती. ओठांवरही काहीतरी लाल होतं.

"आव बाई," दुलारी हसून म्हणाली. "देखव, तुम्हर असन सजाए हंव."

सुशीलाबाईला धाप लागली होती. "दुलारी, मत जा. उस दिन डॉक्टर ने पिंकी को नहीं देखा. मेरी लगाई लाली देखी. इसके होंठ नीले हैं, नाखून नीले हैं. मैंने... म्या मळ समजून झाकले."

"का कहत हे ये बाई?" हरिदासनं बहिणीला विचारलं.

सकाळी सकाळी हे काय, म्हणून दुलारीचं हसू अर्धंच राहिलं. "मराठीन बाई आज बिहनियाँ ले का बोलत हव?"

बोलून उपयोग नव्हता. बाई पुढे झाली, ओट्यावरची तेलाची बाटली उचलून पदराच्या टोकावर ओतली आणि पिंकीचे ओठ पुसले. मग तिचा उजवा हात धरला. रंग ओला होता. पदरानं नखांवरून ओढला तसा निघून आला. एक बोट, दुसरं, तिसरं, सगळा हात. पिंकीनं किंकाळी फोडली. मामाच्या गावाला जायला लावलेला रंग! ती हात हिसकायला लागली, पाय आपटायला लागली, रडता रडता तिचा श्वास अडकला. आणि बघता बघता तिचा चेहराच बदलला. ओठ जांभळे, मग काळेनिळे. रडणं थांबलं, नुसतं तोंड उघडं. ती ओट्यावरून खाली सरकली आणि नेहमीसारखी उकिडवी बसली, गुडघे पोटाशी, डोकं गुडघ्यांत.

कोणी हललं नाही. तिची पाठ तेवढी भात्यासारखी वरखाली होत होती. हरिदासच्या हातातली दोरी खाली पडली.

"दिदी," तो हळूच म्हणाला, "एकर मुँह तो नीला परगे."

दुलारी लेकीजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं पिंकीचा श्वास जाग्यावर आला, निळेपणा थोडा उतरला. दुलारीनं मान वर करून सुशीलाबाईकडे पाहिलं. "अतेक दिन ले रंगाएव," ती म्हणाली. "अतेक दिन ले कनिया मा घुमाएव. अउ देखेव नहीं?"

सुशीलाबाई खरंच इतके दिवस तिला कडेवर घेऊन फिरली होती.  तिच्या पदराच्या टोकाला लाल डाग पडले होते. ते झटकायचं तिला सुचलं नाही.

हरिदासनं पिशव्या सोडून ओट्यावर ठेवल्या. "चल दिदी. पहिली अस्पताल."

"अउ तीजा?"

"तीजा भागत हे का?" तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.

मोटारसायकलवर तिघं गेली. सुशीलाबाई शेअर ऑटोत मागून. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये ऑटो. ती सीटच्या कडेवर बसून ड्रायव्हरला म्हणत होती, "भैया, उधर से निकालो ना. उधर जगह है." ड्रायव्हर शेवटी वैतागला. "अम्मा, तुम ही चला लो." बाकीचे हसले. ती हसली नाही. सळईनं भरलेल्या एका ट्रकच्या मागं ऑटो किती वेळ रेंगाळला कोण जाणे, तिला वाटलं दिवस मावळला.

सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी दुलारी तिची वाट बघत थांबली होती. एवढं बोलली होती, तरी आत जायला थांबलीच होती. पिंकीचं ध्यान बघण्यासारखं झालं होतं. काजळ गालांवर ओघळलेलं, त्यावर रस्त्याची धूळ, नवा फ्रॉक तेलानं डागाळलेला, केसांच्या झिंज्या. एका हाताची नखं लाल, दुसऱ्या हाताची निळी. दुलारी पदर ओला करून तिचं तोंड पुसायला लागली. सुशीलाबाईचा हातही सवयीनं कमरेला गेला. तिथं फणी खोचलेली असायची.

मग तिनं तो हात तसाच मागं घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "जैसी है वैसी ले चल."

खिडकीपाशी रांग होती. रांगेत तिचे पाय जागच्या जागी चाळवत होते. खिडकीतला माणूस चष्म्याच्या वरून बघत होता, आणि प्रत्येक वेळी त्यानं मान वर केली की तिला तो जुना रुमाल दिसायचा, साफ करके लाओ असं ऐकू यायचं. त्यांची पाळी आली. माणसानं पिंकीला वरून खालपर्यंत पाहिलं. "क्या हुआ इसको?"

 सुशीलाबाईनं पिंकीचा निळा हात उचलला आणि खिडकीतून सरळ त्याच्या समोर धरला.

माणसानं पेन खाली ठेवलं. मागं वळून ओरडला, "सिस्टर! इसको पहले अंदर लो."

आत एक डॉक्टरीण होती, पोक्त. तिनं पिंकीच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलं. लाल नखावर आकडा दिसेना, मग दुसऱ्या हाताला लावलं. छातीला नळी लावून डोळे मिटून ऐकत राहिली. इथं भोंगा नव्हता. कुठल्यातरी दुसऱ्या खोलीत नेऊन छातीचा फोटो, आणखी तपासण्या झाल्या. सुशीलाबाई बाहेरच्या बाकावर बसली, उठली, खिडकीशी गेली, परत आली. शेजारच्या बाईचं सांडलेलं पाणी तिनं पायानं सारलं. हरिदास म्हणाला, "मौसी, बइठ जा ना थोड़ी." ती म्हणाली, "हव," आणि उभीच राहिली.

डॉक्टरणीनं सगळ्यांना आत बोलावून सोप्या हिंदीत सांगितलं. मुलीच्या हृदयात जन्मापासून भोक आहे आणि फुप्फुसाकडे जायची वाट अरुंद आहे. त्यामुळे रक्त निळंच राहून फिरतं. चालताना त्रास झाला की ती बसते, कारण तसं बसल्यानं तिला श्वास मिळतो. नखरे नाहीत, आळस नाही. ती स्वतःचा इलाज स्वतः करत होती. ऑपरेशननं हे दुरुस्त होतं. नव्या रायपुरात लहान मुलांची अशी ऑपरेशनं मोफत होतात, तिथं आजच पाठवते. आणि आता हिला गावाबिवाला नेऊ नका.

दुलारी रडत होती. हरिदास तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. सुशीलाबाई मध्येच म्हणाली, "मॅडम, शिबिर के डॉक्टर की गलती नहीं थी. मैंने रंग लगाया था. होंठ को, नाखून को. अच्छी दिखे इसलिए."

डॉक्टरणीनं तिच्या विस्कटलेल्या केसांकडे आणि डागाळलेल्या पदराकडे पाहिलं. "अब मत लगाना," एवढंच म्हणाली आणि कागद लिहायला लागली.

तीजा दुलारीला बीरगांवातच करावा लागला. हरिदास गावी जाऊन आईनं दिलेलं लुगडं आणि डबाभर ठेठरी-खुरमी, तिकडचा सणाचा फराळ, घेऊन परत आला. सुशीलाबाईनं हरतालिकेची वाळूची पिंड मांडली, तिच्यासमोर दोघी उपाशी बसल्या. दुलारी फार बोलली नाही. पण आली. पाऱ्यात मात्र गोष्ट पसरायची ती पसरलीच. एक-दोन घरांतली पोरं डब्याकडे यायची थांबली. सुशीलाबाई त्या घरांवरून जाताना पाय उचलून चालायची.

ऑपरेशनची तारीख मिळायला वेळ लागला. त्या दिवसांत बाई रोज सकाळी पिंकीच्या दारात जाऊन आधी तिची नखं बघून यायची आणि मग कामाला लागायची. नरहरी म्हणायचा, "रोज पाहून काय रंग बदलते काय तो?" तरी संध्याकाळी आल्यावर पहिलं तोच विचारायचा, "कशी हाये पोट्टी?"

दिवाळी गेली. थंडी पडली. तपासणीचं पथक अंगणवाडीत आलं त्या दिवशी सुशीलाबाईनं पोरांची तोंडं धुतली, भांग पाडले, आणि डबा मिटून फडताळावर ठेवला. पावडर नाही, काजळ नाही, ओठ-नखं उघडी. आया कुरकुरल्या. "आज बाई ला आलस आगे का?" एकीनं टोमणा मारला. चित्रादीदीसुद्धा हळूच म्हणाल्या, "जरा फीकेच दिसतायत हो सगळे."

"दिसू द्या दीदी," बाई म्हणाली. "जसे हायेत तसे दिसू द्या."

पिंकी परत आली ती पौषात. छातीवर मधोमध लांब व्रण, फ्रॉकच्या गळ्यातून डोकावणारा. पहिले काही दिवस ती सवयीनंच उकिडवी बसायची, मग आपण कशाला बसलो असं वाटून उठायची. नंतर बसणं विसरली. एका दुपारी खिचडी व्हायच्या आत ती अंगणवाडीभर धावत होती, खुर्ची पाडत, तांदळाच्या पोत्याला वळसा घालत, आणि सुशीलाबाई तिच्यामागे ओरडत, "अवं पोट्टे, पडशीन ना!"

मग पिंकी थेट तिच्या समोर येऊन उभी राहिली. तिनं फ्रॉकच्या खिशातून बाटली काढली. तीच, सदर बाजारातली, तळाशी थोडीशी उरलेली. त्या दिवशीचा ओट्यावरचा अपमान ती विसरली नव्हती.

"लगा दे," ती म्हणाली आणि दहाही बोटं पुढे केली.

सुशीलाबाई खाली बसली. बाटलीचं झाकण उघडलं, ब्रश काढला, पिंकीचा हात हातात घेतला. आणि तशीच राहिली. नखं गुलाबी होती. शेजारच्या कुठल्याही पोरीसारखी, साध्या गुलाबी रंगाची. तिनं अंगठ्यानं एक नख दाबलं; ते पांढरं झालं, सोडल्याबरोबर पुन्हा गुलाबी. तिनं दुसरं दाबलं.

"मौसी, लगा ना," पिंकी पाय आपटत म्हणाली.

"थांब गं जरा," सुशीलाबाई म्हणाली. ब्रशवरचा रंग वाळत चालला होता. "पाहू दे मले आधी."